मधल्या मजल्यावरचं बटण

सकाळी सहा चाळीसची ओहोटी.
ऐरोलीच्या धक्क्यावरून हसुराम मढवी होडी लोटतात,
विचारतात, आज किती पानं?
बारा. तीन झाडांची, चार-चार.
"बारा पानांचा पगार मिळतो पोरीला,"
ते फ्लेमिंगोंना सांगतात.
फ्लेमिंगो मान खाली घालून चिखल गाळत राहतात.

तिवराच्या पानावर रात्रीचं मीठ असतं,
बोटाला खसखशीसारखं लागतं.
हसुराम एक पान चाटून बघतात,
पंचांग बघावं तसं, रोज,
आणि म्हणतात, पाणी कडक झालंय.
मला तेच कळायला चार दिवस आणि एक मशीन लागतं.

कात्री लागल्यापासून अर्ध्या मिनिटात
पान नायट्रोजनमध्ये बुडवायचं.
उशीर झाला तर ते
खाडीबद्दल बोलायचं सोडून
कात्रीबद्दल बोलायला लागतं.

दुपारी येऊर, पाटोणापाड्याच्या वरच्या अंगाला.
यमी वरठाच्या घराच्या तीन भिंती विटांच्या,
चौथी अजून कारवीची, शेणानं लिंपलेली.
"हीतलं फूल बघायला तीन पावसाळे थांब," ती म्हणते.
सात वर्षं नुसती पानं, आठव्यात सगळा डोंगर जांभळा,
मग मरण, सगळ्यांचं एकदम.
हा हिशोब कारवी कुठे ठेवते
ते यमीला माहीत नाही. मलाही नाही.

तिवर आणि कारवी एकाच कुळातल्या.
हसुरामना सांगितलं तर हसले नाहीत.
"भाऊबंदकी झाली असणार," म्हणाले,
"त्याशिवाय कोण डोंगरावर जाईल?"

पडद्यावर दोघींची अक्षरं एकाखाली एक लावली.
मीठ उपसायचा पंप दोघींकडे आहे,
जवळजवळ तोच.
कारवीला डोंगरावर मीठ कुठलं?
तरी जपलाय,
लग्नात आलेला तिसरा कुकर माळ्यावर असतो तसा.
फरक पंपात नाही.
पंपाच्या अलीकडे जो ओसाड वाटणारा पट्टा आहे
तिथे कोण येऊन बसतं, कोणाला जागा मिळत नाही,
त्यावर ठरतं:
आता. पानात. एवढंच.

बाबा वागळे इस्टेटमध्ये वायरमन होते.
किसननगरच्या आमच्या जिन्यात एक दिवा, दोन बटणं.
खालून लावा, वर जाऊन विझवा.
कमलमावशी गुडघ्यांमुळे मधल्या मजल्यावर टेकायच्या,
तेवढ्यात कोणीतरी वरून विझवायचं.
बाबांनी तिथे तिसरं बटण बसवलं.
दिवा तोच. वायर थोडीशीच जास्त.

हे उदाहरण मी सेमिनारमध्ये दिलं, लोकांना आवडलं.
पण ते इथे संपतं.
खाडीत वायरमन नव्हता.
बटणं सरकली ती चुकून,
बहुतेक भलत्याच ठिकाणी,
आणि ज्यांची सरकलीच नाहीत, किंवा भलतीकडे सरकली,
त्या रोपांचा चिखल झाला. त्याच चिखलात
हसुरामची होडी आता रुतते
आणि ते शिव्या देतात.

मार्चमध्ये कारवीची तीन रोपं कुंडीत लावली.
खाडीचं पाणी, रोज एक पेला.
पानं करपली, कडेकडून आत.
अकराव्या दिवशी मुळं तपासली:
दोन रोपांत पंप जागा झाला होता.
क्षीण. मुळाच्या टोकाशी, जिथून
पानापर्यंत काही पोचलं नसतं.
तरी झाला होता.
तिसरं रोप काही न बोलता गेलं.
तक्त्यात मी तिथे शून्य भरलं,
मग बराच वेळ त्या शून्याकडे बघत बसले.

कमलमावशी जाऊन नऊ वर्षं झाली.
बटण आहे, वरचा खटका पिवळा पडलाय,
नवे भाडेकरू त्याला बेलचं समजतात.
काल भरदुपारी जिना चढताना
दम लागला नव्हता तरी मध्ये थांबले,
आणि दाबून पाहिलं.